कॅमेरा महागाचा, शब्द फुकाचा

गिऱ्हाईक टिकत नाही म्हणतोस? टिकवलंस कधी?

गेल्या फेब्रुवारीत बेदाण्याच्या व्यापाऱ्यानं तुला शेडवर बोलावलं. काम चोख केलंस, त्यात वाद नाही. जाळीवर पसरलेला माल आणि त्यावरचं तिरपं ऊन टिपायला जी नजर लागते, ती तुझ्याकडे आहे. म्हणून तर राग येतो. 'चार दिवसांत देतो' म्हणालास आणि विसाव्या दिवशी फोटो दिलेस. तोवर त्याचे सौदे उरकले होते. मधे त्याचे फोन आले, तू उचलले नाहीस. 'अजून दोन दिवस लागतील' एवढं सांगायला कुठली लाज आडवी आली?

वर कारणं तयार. जत म्हणजे दुष्काळी तालुका, इथं लग्नाशिवाय फोटोला विचारतो कोण! नाचता येईना, अंगण वाकडं. उमदी-संखकडच्या द्राक्षबागा, बेदाण्याची शेडं, डाळिंबाचे बागायतदार तुला दिसत नाहीत? सांगलीच्या बेदाण्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीनं 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढलं. आपला कारखाना सतत लोकांच्या नजरेसमोर राहिला पाहिजे, हे किर्लोस्करांना तेव्हा कळलं होतं. आजच्या व्यापाऱ्यालाही कळतं. त्याला दरवर्षी फोटो लागतात. फक्त तुझ्याकडून नकोत.

दुसरा पोरगा कमी पैशांत करतो म्हणून काम गेलं, हेही ऐकलं. खोटं आहे ते, आणि तुलाही ठाऊक आहे. तो पोरगा सांगितल्या दिवशी फोटो देतो.

आता रंगाचं बघ. हिरव्या बेदाण्याचा भाव वेगळा, पिवळ्याचा वेगळा. तुझ्या फोटोत हिरवा माल पिवळा दिसला, तर समोरच्या खरेदीदाराशी तोंडाला तोंड कोण देणार? तू की तो व्यापारी? राखाडी कार्ड धरून व्हाइट बॅलन्स लावायला मिनिटभर लागतं. उजेड कुठून होता, लेन्स कुठली होती, हे वहीत लिहायला आणखी दोन मिनिटं. मग पुढच्या वर्षीचे फोटो आधीच्यांशी जुळतात आणि जुळले की गिऱ्हाईक दुसरीकडे जायला धजत नाही. हे तुला येत नाही का? येतं. कंटाळा करतोस. मूळ फायली तरी दोन डिस्कवर ठेवल्यास? त्यानं तोच फोटो मोठ्या फलकासाठी मागितला तेव्हा 'हार्ड डिस्क उडाली' म्हणालास. डिस्क उडतेच रे. दुसरी का नव्हती?

आणि ते भांडण! त्यानं तुझा फोटो खोक्यांवर छापला म्हणून तावातावानं गेलास. काय ठरलं होतं, लिहून घेतलं होतंस? 1957च्या कॉपीराइट कायद्याचं 17वं कलम एकदा वाच. कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन काढलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, पहिली मालकी त्या सांगणाऱ्याची. हजारोंची लेन्स घेतोस आणि एका कागदाला महाग होतोस? पैसे थकले म्हणून गावभर रडतोस, पण उद्यम नोंदणी केलेली नाहीस. ती असती तर 2006च्या लघुउद्योग कायद्याचा आधार मिळाला असता. करारात काहीही लिहिलं असलं तरी 45 दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. कायदा तुझ्या बाजूनं उभा राहायला तयार आहे. तू तुझ्या बाजूनं कधी उभा राहणार?

दिवाळीला शुभेच्छांचा तयार फोटो पुढे पाठवतोस, त्याला संबंध ठेवणं म्हणत नाहीत. एप्रिलला द्राक्षाची खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, फेब्रुवारी-मार्चला शेड भरतं. हे तुला कुणी शिकवायचं? याच मातीतला आहेस ना? मग व्यापाऱ्याच्या फोनची वाट का बघत बसतोस? छाटणीचे चार फोटो न मागता काढून दिले असतेस, तर फेब्रुवारीत त्याला दुसरं नाव आठवलं असतं का?

जानेवारी संपायच्या आत त्याच्या शेडवर जा. कॅमेरा घरी ठेव. उशीर केला, फोन टाळले, हे तोंडावर कबूल कर. यंदा त्याला काय लागणार ते वहीत उतरव, तारीख घाल, दोघांच्या सह्या घे. चहा विचारणार नाही कदाचित. तरी बस. जतच्या पूर्व भागातला माणूस आहे, कानडीत बोल. तुला येते.