जागा आहे का हो?

‘मी कोण आहे?’ हा तत्त्वज्ञानातला सगळ्यात कठीण प्रश्न समजला जातो, याचं कारण तत्त्वज्ञ मंडळी सकाळच्या लोकलने कामावर जात नसत. कल्याणच्या पुढे, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला याहून कठीण प्रश्न रोज पडतो. तो म्हणजे, ‘आत जागा आहे का हो?’

हा प्रश्न विचारणारा नेहमी दाराबाहेर असतो आणि उत्तर देणारा आत. बाहेरच्याचं मत असं की, आत मधे भरपूर जागा आहे. आतल्याचं मत असं की, मागची गाडी रिकामी येते आहे. गंमत म्हणजे हाच बाहेरचा मनुष्य अंबरनाथला कसाबसा आत घुसला की एका स्टेशनात त्याचं मतपरिवर्तन होतं, आणि उल्हासनगरला तोच दारात हात आडवा धरून ‘जागा नाही, जागा नाही’ म्हणून ओरडतो. डबा तोच, लांबी-रुंदी तीच. फरक एवढाच की, बोलणारा आता आत आला.

तात्पर्य, जागेच्या बाबतीत माणसाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. निःपक्षपाती साक्षीदार मला भेटला तो बदलापुरात, भाच्याच्या घरी. हा भाचा संगणकावर पोट भरतो. त्याच्या पडद्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पाटीवर नुसती पांढरी अक्षरं. ‘‘थांब मामा, जागा किती उरली ते बघतो,’’ असं म्हणून त्याने ‘डी’ आणि ‘एफ’ ही दोन अक्षरं मारली. पुढे एक आडवी रेघ आणि ‘एच’.

‘‘हा एच कशाला?’’

‘‘ह्यूमनचा. म्हणजे माणसाला समजेल असं सांग. नाहीतर ते किलोबाइटांचे लांबलचक आकडे तोंडावर फेकतं.’’

मला ही सोय फार आवडली. कराच्या नोटिसा, विम्याचे कागद आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांच्यापुढेही असा एक एच लावता आला असता तर!

डीएफ म्हणजे डिस्क फ्री. १९७१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून ही आज्ञा आहे. त्या काळी त्यांच्या यंत्राची डिस्क होती अर्ध्या मेगाबाइटची. मोबाइलवर काढलेला आजचा एक साधा फोटोही तिच्यात मावला नसता. पण हे बरोबरच आहे. पगार बेताचा असतो तेव्हाच माणूस रोजचा हिशेब लिहितो.

तर पडद्यावर हिशेब आला. समजा, एकूण जागा शंभर, वापरलेली सत्तर. मग शिल्लक किती? तीस म्हणाल तर तुम्ही शाळेत पास, इथे नापास. पडद्यावर शिल्लक होती पंचवीस!

‘‘मधले पाच कुणी खाल्ले?’’ मी विचारलं. आपल्याकडे पाच टक्के कुठे दिसले नाहीत की मनात पहिली शंका हीच येते.

‘‘खाल्ले नाहीत मामा, राखून ठेवलेत. रूटसाठी.’’

रूट म्हणजे त्या यंत्राचा कर्ताकरविता, व्यवस्थापक. लिनक्सच्या एक्स्ट-फोर नावाच्या पद्धतीत डिस्क तयार करतानाच पाच टक्के जागा बाजूला काढतात. आपण डिस्क काठोकाठ भरली की आपल्याला ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असं सांगून दार लावून घेतात. पण यंत्राला स्वतःच्या नोंदी लिहायला आणि दुरुस्तीला येणाऱ्याला पाय ठेवायला जागा उरते. पाचाचे शून्य टक्केही करता येतात. नुसतं सामान ठेवायच्या डिस्कवर काही जण करतातही. पण ज्या डिस्कवर यंत्राचा संसार चालतो तिथे हा पाच टक्क्यांचा मोह बरा नव्हे, असं भाच्याचं मत पडलं.

शिवाय पुसून टाकलेली फाइल एखाद्या प्रोग्रामने उघडी धरून ठेवली असेल, तर तिची जागा सुटत नाही. फाइल यादीत दिसत नाही, जागा मात्र अडलेली. हे मला समजावून सांगावं लागलं नाही. बाकावर टाकलेला रुमाल मी पाहिलेला आहे.

पण मला पटलं ते त्या पाच टक्क्यांचं. आपण समजतो, माणुसकी असली की आयत्या वेळी सरकून जागा होते. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, हे खरं. पण पाचवा बसत नाही, आणि दारात लटकलेला माणूस पडतो तो आतल्यांच्या मनात दया नव्हती म्हणून नव्हे. आत खरोखरच जागा नव्हती म्हणून पडतो. जागा आयत्या वेळी होत नाही. ती आधी ठेवलेली असावी लागते.

उल्हासनगरच बघा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने छावणी उभारली. युद्ध संपलं, बरॅकी रिकाम्या पडल्या. पुढे १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्या बरॅकींत राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पण आजही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. त्या बरॅकी कुणी या लोकांसाठी ठेवल्या नव्हत्या. त्या योगायोगाने उरल्या होत्या. त्या वेळी दारात हात आडवा धरून कुणाला ‘मागच्या गाडीने या’ म्हणता आलं नसतं. मागे गाडीच नव्हती.

आणि उल्हास नदीचा हिशेब याच्या बरोब्बर उलटा. नदी आपली राखीव जागा काठावर ठेवते. अकरा महिने ती रिकामी दिसते. आपण म्हणतो, पडूनच तर आहे! कागदावर निळी पूररेषा असते, लाल पूररेषा असते. आपल्याला मात्र दिसतो फक्त प्लॉट. मग २६ जुलै २००५ उजाडतो. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहते आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागतं. मूळ मालक आपल्या पाच टक्क्यांत आला होता, इतकंच.

म्हणून मला वाटतं, ‘किती शिल्लक आहे?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘कुणासाठी?’ हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. डीएफ प्रामाणिक आहे तो याच अर्थाने. दुसऱ्याचा वाटा आधी वजा करून मगच तो आपली शिल्लक सांगतो. आपण आधी आपलं सामान लावतो, आणि उरलं तर दुसऱ्याचं बघू म्हणतो. उरत काहीच नाही.

आमच्या आईला संगणक ठाऊक नव्हता. पण घरातली माणसं मोजून भाताचे तांदूळ काढले की ती वर एक मूठ टाकायचीच. ‘‘ही कुणाची?’’ म्हणून विचारलं तर म्हणायची, ‘‘येईल कुणीतरी.’’ आणि कुणी नाहीच आलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीचा भात असायचा. तेवढी सोय मात्र डीएफमध्ये नाही.