होकार कोणाचा?

किन्हीराजात सोयरीक जुळवायला बसलेली माणसं आधी शेत विचारतात. किती एकर, ओलिताचं की कोरडवाहू, भाऊ किती, म्हणजे वाटणीला काय येणार. मग शिक्षण, मग नोकरी. जात विचारत नाहीत. ती जुळते म्हणूनच तर चहा ठेवलेला असतो. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे सोयाबीन-तुरीचं गाव. इथल्या माझ्या पिढीने लग्नाची स्वप्नं मात्र ज्या हिंदी सिनेमांत पाहिली, तिथे असले प्रश्न कोणी विचारत नव्हतं. तिथे एकच अडचण होती: बाबूजी ‘हो’ म्हणतील का?

ही अडचण पहिल्यापासून अशी नव्हती. 1937 साली पुण्याच्या ‘प्रभात’ने ‘कुंकू’ काढला आणि तोच हिंदीत ‘दुनिया न माने’ नावाने. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला. वडीलधाऱ्यांनी ठरवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा (शांता आपटे) हे लग्न मानायलाच नकार देते. ती कोणाचं मन जिंकायला जात नाही, नवऱ्यालाच त्याची चूक कबूल करावी लागते. देवलांचं ‘शारदा’ 1899 चं. तेव्हापासून मराठी रंगभूमीवर जरठ-कुमारी विवाहावर बोलणं चालूच होतं. पण कुंकू लागल्यावरही मुलगी ‘नाही’ म्हणू शकते, हे पडद्यावर दिसणं वेगळं होतं.

पुढे नकार पोरापोरींच्या जोडीकडे गेला. ‘बॉबी’ (1973) मधली पोरं पळतात, ‘कयामत से कयामत तक’ (1988) मधली पळतात आणि मरतात. बाप चुकलेला असतो आणि सिनेमा ते लपवत नाही.

वळण आलं ते 1989 च्या ‘मैंने प्यार किया’त. त्यातला सुमनचा बाप मला अजून आवडतो. प्रेमबिम ठीक आहे, पण महिन्याभरात स्वतःच्या हाताने दोन हजार रुपये कमावून दाखव, असं तो श्रीमंताच्या पोराला सांगतो. मग नायक ट्रक चालवतो, खाणीत दगड फोडतो. हा गृहस्थ आमच्या बैठकीत सतरंजीवर सहज शोभला असता. त्या काळच्या कौटुंबिक सिनेमात ‘पोरगा कमावतो काय’ असं रोख विचारणारा मला तो एकटाच आठवतो.

पाचच वर्षांनी त्याच सूरज बडजात्यांनी ‘हम आपके हैं कौन’ काढला. मूळ गोष्ट ‘नदिया के पार’ची (1982), पूर्व उत्तर प्रदेशातल्या खेड्यातली, बैलगाडीतली. ती आता बंगल्यात आली. बाहेर विहीर नाही, बँकेचं कर्ज नाही. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे अशी निम्मी मंडळी मराठी, पण घर मात्र कुठल्याच जिल्ह्यातलं नाही. सगळे इतके भले की कोणाला चूक ठरवायची सोयच नाही. म्हणून तर चिठ्ठी योग्य माणसाकडे पोचवायचं काम कुत्र्याला करावं लागतं! वडीलमंडळी चुकली नाहीत, त्यांना फक्त कळलं नव्हतं. आमच्याकडे नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. हल्ली लग्नात त्याच्या आधी करवल्या जोडे पळवून पैसे मागतात, ही त्या सिनेमाची देणगी.

1995 चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ मी कितीदा पाहिला ते सांगत नाही. त्यातली एक जागा मला फार उशिरा दिसली. सिमरनची आई स्वतःचे दागिने पुढे करते आणि दोघांना पळून जायला सांगते. बाई म्हणून आपल्या वाट्याला काय आलं ते तिला माहीत आहे, लेकीच्या वाट्याला ते येऊ नये एवढंच तिला हवंय. म्हणजे घरातून होकार मिळालेला आहे. तरी राज नाही म्हणतो, कारण बापाचा मिळालेला नाही. सिमरनला तर कोणी विचारतही नाही. आम्ही याला संस्कार समजून टाळ्या दिल्या. बापाने शोधलेला कुलजीत उर्मट दाखवला की काम सोपं होतं: ठरवून लग्न करणं वाईट नाही, फक्त ठरवलेला पोरगा वाईट निघाला. बापाचा हक्क शाबूत. 2006 च्या ‘विवाह’मध्ये तर भांडणही उरलं नाही. घरच्यांनी दाखवलेल्या मुलीवरच प्रेम बसतं.

गावात मात्र गोष्ट उलट्या दिशेने गेली. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला: आम्हाला नवरी मिळवून द्या. लोक हसले. किन्हीराजाकडे तिशी ओलांडलेल्या पोरांच्या आया हसल्या नसतील. शेती पाहिजे, पण शेतकरी नको, हे आता मुलीकडचे तोंडावर सांगतात. नकाराची सत्ता पलीकडे गेली, पण मुलीच्या हाती आली का?

जयंत सोमलकरांच्या ‘स्थळ’ने हे नेमकं धरलंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावच्याच माणसांना घेऊन केलेला सिनेमा. सुरुवातीला बायका बसल्यात आणि मुलगा समोर बसून उत्तरं देतोय. मग कळतं, ते सविताचं स्वप्न होतं. जागेपणी ती पाहुण्यांपुढे बसते. उंची किती, शिकली किती. मग पुढचे पाहुणे, पुन्हा तेच.

आता बायोडाटा व्हॉट्सॲपवर फिरतो. वर गणपती, मध्ये रास-नाडी, खाली ‘अपेक्षा’. ‘नोकरीवाला, निर्व्यसनी, शेती असल्यास प्राधान्य.’ मागच्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीचा माझ्याकडे आला. मी तिलाच विचारलं, ही अपेक्षा तू लिहिली का? ती म्हणाली, ‘काका, मले तर तो फोटोच कोणता टाकला ते मैत्रिणीच्या मोबाईलवर दिसलं.’ संपर्कासाठी खाली मामाचा नंबर होता.