डावा स्वर, उजवा स्वर

सकाळी उठल्यावर नाकाखाली हाताची पालथी बाजू धरून पाहा. एका नाकपुडीतून वारा मोकळा येतो, दुसरीतून बेताचा, आणि तोही सर्दी नसताना. काही तासांनी पुन्हा पाहिलंत तर बहुधा बाजू पालटलेली असते. जर्मन डॉक्टर कायझर यांनी १८९५ साली या अदलाबदलीचं वर्णन वैद्यकात केलं. आपल्याकडे डावा चंद्रस्वर चालू आहे की उजवा सूर्यस्वर हे बघून घराबाहेर पाऊल टाकणारे त्याच्या कितीतरी आधीचे.

डावीकडे इडा, उजवीकडे पिंगळा, मधे सुषुम्ना. सूक्ष्म देहाचा नकाशा इथे सुरू होतो आणि बघता बघता अफाट होतो. बहात्तर हजार नाड्या, कमळं, पाकळ्या, पाकळीपाकळीवर अक्षर. चक्रं किती, यावर जुन्या ग्रंथांचंही एकमत नाही. बौद्ध तंत्रांत चार, कुठे सहा, नाथांकडे नऊसुद्धा. पतंजलीने तर नाभिचक्राचा ओझरता उल्लेख करून विषय सोडून दिला.

हा नकाशा हाडामांसात शोधणारेही झाले. तरुणपणी दयानंद सरस्वतींनी गंगेतून वाहत चाललेलं प्रेत काठावर ओढलं, सुरीने उघडलं, पोथीतल्या वर्णनाशी ताडून पाहिलं. चक्र सापडेना तेव्हा पोथी फाडून प्रेताबरोबरच नदीत सोडली. ही हकिगत त्यांनी स्वतःच सांगितली आहे. मुंबईचे डॉ. वसंत रेळे दुसऱ्या टोकाला गेले. सुषुम्नेच्या तळाशी निजलेली कुंडलिनी शक्ती म्हणजे उजवी व्हेगस नर्व्ह, असं त्यांनी १९२७च्या पुस्तकात मांडलं. दोघांच्याही धिटाईचं मला कौतुक आहे, पण जे श्वासाकडे लक्ष देणाऱ्यालाच कळायचं, ते श्वास थांबलेल्या देहात मिळणार कसं? लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढणारे कुवलयानंद अधिक सावध. पोटाचे स्नायू फिरवण्याच्या नौली क्रियेच्या वेळी आतला दाब किती उतरतो, हे त्यांनी मोजून पाहिलं. मोजता येईल ते मोजावं, हा त्यांचा बाणा.

मला मात्र या विषयावर कन्नड तालुक्यातलं देवगाव रंगारी आठवतं. तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई इथल्या, जन्म १६२८चा. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या आणि फार पुढच्या.) आपली गुरुपरंपरा त्या आदिनाथापासून सांगतात. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, अशी ती उतरत तुकोबांपर्यंत येते. म्हणजे नाड्या-चक्रांचं शास्त्र जोपासणारे नाथच त्यांचे पूर्वसूरी. त्याच परंपरेतल्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला, गीतेच्या सहाव्या अध्यायावर बोलताना, मूळ श्लोकांत नसलेली कुंडलिनी जागी करून दाखवली, आणि बाराव्यात ती वाट किती कष्टाची हेही सांगून टाकलं.

बहिणाबाईंकडे मठ नव्हता, एकांत नव्हता. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीतला बिजवर. कर्जापायी आई-वडिलांसह गाव सुटलं ते फिरत फिरत कोल्हापूरपर्यंत. तिथे कीर्तनाला जाण्यावरून नवऱ्याचा बेदम मार. लळा लागलेलं वासरू मेलं तेव्हा ही कोवळी पोर शुद्ध हरपून पडली, आणि त्या अवस्थेत तुकोबांनी मंत्र दिला, असं त्यांचंच सांगणं. १७०० साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी मुलाला आपले आधीचे बारा जन्म सांगितले.

शास्त्राच्या हिशेबाने यात विसंगत काही नाही. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी, अशा सतरा घटकांचा सूक्ष्म देह एका जन्मातून दुसऱ्यात जातो, असं वेदान्त मानतो. बारा जन्मांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्या सांगण्यातलं धारिष्ट मोठं वाटतं. स्थूल देह बापाने देऊन टाकला होता, नवरा त्यावर हात उगारत होता. या दुसऱ्या देहाचं कन्यादान कुणी करू शकत नव्हतं. त्याचा वृत्तान्त सांगायचा अधिकार एकट्या बहिणाबाईंचा होता, आणि तो त्यांनी मुलाला सविस्तर सांगितला.

रंगीत चक्रांचे तक्ते भिंतीवर लावलेले योगवर्ग आता तालुक्यांच्या गावीही दिसतात. तक्ता पाठ होतो, परीक्षेतही येतो. त्यापेक्षा पतंजलीची रीत मला जवळची. श्वास कुठे पोचतो, किती वेळ राहतो आणि किती होतात, एवढंच तो पाहायला सांगतो. त्यातून श्वास लांब आणि तलम होत जातो. घड्याळ आणि आकडे तूर्त बाजूला ठेवले तरी चालतील. आज ताठ बसून पहिलं तेवढं पाहा. आत आलेला श्वास गळ्याशीच अडतो, फासळ्यांपर्यंत येतो, की बेंबीपर्यंत उतरतो?