आजीचे माहेर

जात पडताळणीच्या निमित्ताने का होईना, कुहीसारख्या तालुक्याच्या गावी माणसे आज आपल्या पणज्याला शोधू लागली आहेत. जुनी कोतवाल बुके, शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर, अधिकार अभिलेख. हे चाळताना नाव सापडत नाही ही अडचण थोड्यांचीच. तेच नाव चार जागी सापडते आणि त्यातला आपला कोणता हे कळत नाही, ही बहुतेकांची.

आपली रीतच तशी आहे. थोरल्या नातवाला आज्याचे नाव ठेवायचे आणि मागे बापाचे लावायचे. गणपतचा सीताराम, सीतारामचा गणपत, त्या गणपतचा पुन्हा सीताराम. मग ‘सीताराम वल्द गणपत’ ही नोंद आज्याचीही असते आणि नातवाचीही, अक्षरही न बदलता. जुन्या नोंदीत आडनाव बरेचदा नसतेच. अशा वेळी घाईने रेघ ओढली, की एका माणसाचे शेत दुसऱ्याच्या नावावर आणि एका घरची लेकरे दुसऱ्या घरात जाऊन बसतात.

या गुंत्यातून वाट कशी काढायची, हे कुही तालुक्याच्याच मातीतून वर आले आहे. मांढळला वाकाटक राजांचे ताम्रपट मिळाले. रुद्रसेन, प्रवरसेन आणि पृथिवीषेण यांचे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या या राजघराण्यातही आज्याचेच नाव नातवाला: रुद्रसेनाचा पृथिवीषेण, पृथिवीषेणाचा पुन्हा रुद्रसेन. ‘पहिला’, ‘दुसरा’ हे आकडे आपण मागाहून लावले. ताम्रपट कोरणाऱ्याने काय केले? पहिल्या रुद्रसेनाची ओळख देताना तो भारशिवांच्या भवनागाच्या मुलीचा मुलगा, असे नोंदवले. दुसऱ्या प्रवरसेनाला प्रभावतीगुप्तेचा पुत्र म्हटले. प्रभावती ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. आई सांगितली, आईचा बाप सांगितला, आणि एका नावाचे दोन राजे आपोआप वेगळे झाले.

प्रभावतीचे मला विशेष वाटते. वाकाटकांच्या घरात नांदून, अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य चालवूनही तिने आपल्या ताम्रपटात माहेरचे गोत्र ठेवले आणि वंशावळ दिली तीही बापाकडची. गुप्त आणि वाकाटक यांचा काळ एकमेकांशी जुळवताना इतिहासकारांना तिचाच आधार मिळाला.

आणि नावाने चकवले म्हणजे काय होते, तेही याच घराण्याने दाखवले आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखात एक नाव पृथिवीषेण असे वाचले गेले आणि वाकाटकांच्या दोन शाखांची मिळून एकच झाली. १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी ते नाव विंध्यसेन असल्याचे दाखवले, तेव्हा कुठे वत्सगुल्माची, म्हणजे वाशीमची शाखा स्वतंत्र उभी राहिली.

नागपूरकर भोसल्यांतही तीन रघूजी. १८१८ मध्ये गादीवर बसलेले तिसरे रघूजी जन्माने गुजर घराण्यातले. दुसऱ्या रघूजींची मुलगी बानूबाई हिचे ते पुत्र. वंशवृक्षातून बानूबाई गळली, तर या दोन रघूजींमधले रक्ताचे नाते कुणालाच दिसणार नाही.

आपल्या घरच्या वंशावळीत मात्र आजा, पणजा, खापरपणजा असे पुरुषच एकाखाली एक उतरत येतात. आई नाही, आजी नाही, तिचे गाव तर नाहीच. बायकांची नावे मुळी कागदावर नसतात असे कुणी म्हणेल, पण ते पूर्ण खरे नाही. जमिनीच्या जुन्या कागदांत ‘सखू जौजे सीताराम’ (सीतारामची बायको) किंवा ‘सखू बेवा सीताराम’ (सीतारामची विधवा) अशी नोंद भेटते. त्या एका ओळीत हा कोणता सीताराम, हे ठरते. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुलींचीही नावे येऊ लागली. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने माहेरची सखू सासरी लक्ष्मी झालेली असू शकते. म्हणून दोन्ही नावे हवीत.

ही माहिती कचेरीत पूर्ण मिळणार नाही. ती मामाकडे, आत्याकडे, घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडे आहे, आणि त्यांच्यामागे ती सांगणारे कुणी उरणार नाही. आज सकाळी चहा घेताना त्यांच्याजवळ बसा. आजीचे माहेरचे नाव काय, तिच्या बापाचे नाव काय, ती कोणत्या गावाहून आली, हे विचारा आणि आपल्या वंशावळीत आज्याच्या नावाशेजारी लिहून ठेवा.