कोऱ्या दिवसाची नोंद

भाऊकाका न्यू जर्सीहून कायमचे मालवणला परतले ते डिसेंबर 2020 मध्ये. त्याच वर्षी काकी तिकडेच वारल्या होत्या. धुरीवाड्यातलं वडिलोपार्जित घर त्यांनी दुरुस्त करून घेतलं, माडांना आळी केली, अंगणातली विहीर उपसली. गावातले लोक म्हणत, अमेरिकेहून आलेला माणूस इतक्या लवकर इथला झालेला पाहिला नाही. गावाकडचं घरपट्टीपासून वीजबिलापर्यंतचं सगळं ते वेळेवर भरत. कुणाचा रुपया बुडवायचा नाही, हा त्यांचा बाणा होता आणि तो खरा होता. ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेणारी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पुतणी बाजारपेठेत करसल्लागार. घरात तिला सगळे बायच म्हणत. जुलै 2024 मध्ये काका तिच्याकडे विवरणपत्र भरायला आले, तेव्हा त्यांच्या हातात इथल्या बँकेच्या मुदत ठेवींचे दाखले आणि कापलेल्या कराची नोंद असलेलं सव्वीस एएस होतं. बस्स.

"आणि अमेरिकेतली खाती?" बायने विचारलं.

"ती कित्याक? इतकी वर्षां कोणी विचारल्यान नाय."

विचारलं नव्हतं, कारण विचारायची वेळच आली नव्हती. बराच काळ परदेशी राहून जो परत येतो, त्याला आपला आयकर कायदा एकदम पूर्ण निवासी धरत नाही. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तो अनिवासी असेल, किंवा मागच्या सात वर्षांत 729 दिवसांहून जास्त इथे राहिलेला नसेल, तर त्याला निवासी पण साधारण निवासी नसलेला असा दर्जा मिळतो. या काळात त्याच्या परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर नसतो आणि परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. काकांची अशी दोन वर्षं मार्च 2023 ला संपली. 2023-24 हे त्यांचं पूर्ण निवासी म्हणून पहिलं वर्ष. आता तक्ता एफए भरायचा होता: परदेशातलं प्रत्येक खातं, कॅलेंडर वर्षातली त्याची सर्वांत जास्त शिल्लक आणि 31 डिसेंबरची शिल्लक. त्यात उत्पन्न झालं की नाही, पैसा भारतात आला की नाही, यावर तो भरणं अवलंबून नसतं. खातं आहे ना, मग लिहा. न लिहिल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, आणि तो दंड पैसा काळा असण्यासाठी थांबत नाही.

काकांची दोन निवृत्ती खाती होती. एक जुन्या पद्धतीचं आयआरए, म्हणजे नोकरीतल्या 401-के मधून आलेली पुंजी आणि वर स्वतः टाकलेले पैसे. त्यातून काढाल तेव्हा कर. दुसरं रॉथ आयआरए. सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचं हे खातं 1998 पासून आलं. त्यात आधी कर भरून पैसा टाकायचा, नियम पाळून काढताना कर नाही. 2022 मध्ये, इथला सवलतीचा काळ चालू असतानाच, काकांनी पहिल्या खात्यातले 1 लाख डॉलर दुसऱ्यात वळवले. याला तिकडे कन्व्हर्जन म्हणतात. वळवलेली रक्कम सहसा त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. काकांनी तिकडचं विवरणपत्र स्वतः संगणकावर भरलं, पूर्ण लाखावर कर भरला आणि विषय संपला असं मानलं.

"माझेच पैशे. ह्या खात्यातसून त्या खात्यात गेले. तिकडे कर भरलंय. मालवणात एक पैसो इलो नाय. मगे सांगूचा कोणाक आणि कित्याक?"

बायने वाद घातला नाही. बाहेर दांडीवरचा तांडेल आणि त्याचा झील येऊन बसले होते, तिने त्यांना आत बोलावलं आणि काकांना चहा मागवला. मला वाटतं, शहाण्या सल्लागाराला एवढं कळत असावं की काही गोष्टी पक्षकाराने दुसऱ्याच्या कागदावर पाहिलेल्या बऱ्या.

तांडेलाचा झील गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. पहिल्या कंपनीत पावणेतीन वर्षं, दुसऱ्या कंपनीत तीन. आता नोकरी सोडून तारकर्लीला निवास-न्याहारी सुरू केली होती आणि भविष्य निर्वाह निधीचे सगळे पैसे काढले होते. कंपनी बदलताना तो पहिल्या खात्यातले पैसे काढूनच घेणार होता. तेव्हा बायनेच त्याला अडवून ते नव्या खात्यात ऑनलाइन वर्ग करायला लावले होते. पाच वर्षांची सलग सेवा व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र होतो, आणि रक्कम पन्नास हजारांवर असेल तर मुळातच कर कापला जातो. पैसे वर्ग केले की मागची सेवा पुढच्या सेवेला जोडली जाते. त्याची पावणेसहा वर्षं भरली, म्हणून हातात आलेली सगळी रक्कम करमुक्त ठरली. तीन वर्षांपूर्वी ती पावणेतीन वर्षं वेगळी पडली असती, तर त्या रकमेवर कर बसला असता आणि नंतरची तीन वर्षंही पाचाच्या आतच राहिली असती.

"कर नाय तर रिटर्नात दाखवूचा कित्याक?" झील म्हणाला. काकांनी मान वर केली. हा तर त्यांचाच प्रश्न होता.

बाय सांगायला लागली की करमुक्त उत्पन्नाचा रकाना वेगळा असतो, रक्कम बँकेत आलेली खात्याला दिसते, उद्या विचारलं तर उत्तर आधीच लिहिलेलं असावं. पण तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत तांडेलच झिलावर उखडला.

"गो बाये, माझी वही ह्याका दाखय. रापण ओढली आणि काय गावाक नाय, तरी मी लिवतंय. कोण कोण दोरीक होते ता लिवतंय. तो दिवस लिवलो नाय तर त्या दिवशी मी खंय होतंय ता कोण सांगतलो? वाटो करताना भांडाण त्याच दिवसावरसून होता."

तांडेलाची वही बायने पाहिलेली होती. पेन्सिलीने भरलेली, खाऱ्या हवेने फुगलेली. रापणीच्या प्रत्येक दिवसाला एक ओळ. बांगडा, तारली, सौंदाळा, आणि मधूनमधून फक्त नावं आणि पुढे रेघ. हिशेब वाटून झाल्यावर महिन्यांनी कुणी म्हणालं की मी तेव्हा दोरीला होतो, माझा वाटा राहिला, तर तांडेल ती रेघ दाखवायचा. पकड मिळालेल्या दिवशी सगळ्यांना सगळं आठवतं. तंटा कोऱ्या दिवसावरून होतो.

झिलाने कागद पुढे केले. काका काही बोलले नाहीत, चहा संपवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी भर पावसात ते परत आले. सोबत पत्र्याची ट्रंक. ती न्यू जर्सीहून जहाजाने आली होती आणि काकी गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. आत वर्षावार लावलेल्या फायली होत्या, प्रत्येकीवर काकींच्या अक्षरात साल. काकी तिकडे एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत. कर हा त्यांचा विषय नव्हता, पण घरातला एकही कागद त्या टाकत नसत.

2013 च्या फायलीत बायला फॉर्म 8606 सापडला. मग 2014 चा, 2015 चा. 2018 पर्यंत दर वर्षी एक.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळ्या गोष्टीची गाठ या एका फॉर्मात आहे. जुन्या आयआरएमध्ये टाकलेल्या पैशावर सहसा वजावट मिळते. पण नोकरीत निवृत्ती योजना असेल आणि पगार एका मर्यादेच्या वर असेल, तर वजावट मिळत नाही. पैसा टाकता येतो, पण तो कर भरलेला पैसा असतो. काकांनी अशी सहा वर्षं दरसाल 6,500 डॉलर टाकले, म्हणजे 39 हजार. या पैशावर कर भरून झालेला आहे, तो परत काढताना पुन्हा कर घेऊ नका, असं सरकारला सांगायची जागा म्हणजे फॉर्म 8606. ज्या वर्षी टाकले त्या वर्षी या फॉर्माने एक डॉलरही कर वाढत नाही किंवा कमी होत नाही. नुसती नोंद. म्हणूनच हजारो लोकांचा तो भरायचा राहतो.

2019 च्या फायलीत आणखी जाड कागद होते. त्या वर्षी जानेवारीत काकांनी 7 हजार डॉलर थेट रॉथमध्ये टाकले. पुढे बोनस मिळाला, उत्पन्न रॉथच्या मर्यादेबाहेर गेलं. असा पैसा तसाच राहिला तर दरवर्षी सहा टक्के दंड. डिसेंबरात काकांनी तो पैसा, त्यावरच्या नफ्यासकट, जुन्या आयआरएमध्ये वळवून घेतला. त्याला रीकॅरॅक्टरायझेशन म्हणतात: मुळात तो दुसऱ्याच खात्यात टाकला होता असं मानायचं. खातं सांभाळणाऱ्या कंपनीचा 1099-आर, म्हणजे खात्यातून बाहेर गेलेल्या रकमेचा दाखला, आला होता, त्यात एन हे अक्षर, करपात्र रक्कम शून्य. काकांना तेव्हाही वाटलं होतं की शून्याची कसली नोंद. काकींनी त्यांना बसवून एक निवेदन लिहायला लावलं होतं: किती टाकले, कधी, का वळवले, नफा किती. ते विवरणपत्राला जोडलेलं होतं. आणि त्या वर्षीच्या 8606 च्या चौदाव्या ओळीत एकूण आकडा होता: 46,000. बाजूला पेन्सिलीने काकींचं मराठी: 'यावर कर भरला आहे. पुढे विसरू नये.'

2022 ची फाईल ट्रंकेतली नव्हती, काकांनी स्वतः लावलेली होती. त्यात 8606 नव्हता.

बायने 1099-आर काढला. पहिल्या रकान्यात एक लाख, करपात्र रकान्यातही एक लाख, आणि खाली एका चौकटीत खूण: करपात्र रक्कम निश्चित केलेली नाही. खातं सांभाळणाऱ्या कंपनीला ती ठरवता येतच नाही, कारण कर भरलेला पैसा किती, हे तिला माहीत नसतं. ते माहीत असतं मालकाला, आणि मालकाने लिहिलं तर सरकारला. संगणकाने छापलेला आकडा उचलला, काकांनी मान्य केला.

बायने कागदावर मांडलं. वर्षअखेरची शिल्लक आणि वळवलेली रक्कम मिळून 4 लाख 60 हजार डॉलर. त्यात कर भरलेले 46 हजार, म्हणजे दहावा हिस्सा. वळवलेल्या लाखातले फक्त कर भरलेले तेवढे वेगळे काढता येत नाहीत, तो दहावा हिस्साच लागू होतो: 10 हजार. त्या 10 हजारांवर काकांनी दुसऱ्यांदा कर भरला होता. त्यांच्या टप्प्याला 22 टक्के, म्हणजे 2,200 डॉलर. आणि उरलेले 36 हजारही पुढे प्रत्येक वेळी असेच भरडले गेले असते.

काका बराच वेळ त्या पेन्सिलीच्या ओळीकडे बघत होते. मग म्हणाले, "कोणी माका फसवल्यान नाय. मीच गप ऱ्हवलंय."

तिकडे दुरुस्त विवरणपत्राला तीन वर्षांची मुदत असते. 2022 साठी ती शिल्लक होती. बायने काकांकडून 1040-एक्स आणि त्याला जोडायचा 8606 भरून घेतला. परतावा येणार होता. कन्व्हर्जन मात्र उलटवता येणार नव्हतं. पूर्वी तेही रीकॅरॅक्टराइज करून मागे घेता यायचं, पण 2018 पासून ती वाट बंद आहे. टाकलेला पैसा अजून वळवता येतो, कन्व्हर्जन नाही. हा फरक ठाऊक नसलेले आजही पुष्कळ आहेत.

इथल्या विवरणपत्रात आता काकांनी स्वतःहून भर घातली. तक्ता एफएमध्ये दोन्ही खाती गेली. जुन्या आयआरएसाठी कलम 89-ए ची सवलत घ्यायची ठरली. हे कलम 2021 च्या वित्त कायद्याने आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा इथल्या निवृत्ती खात्यांत दरवर्षी वाढणाऱ्या उत्पन्नावर इथे तेव्हाच कर लागतो, जेव्हा तिकडे पैसे काढताना लागतो. नाहीतर इथे दरसाल कर आणि तिकडे शेवटी कर, अशी ओढाताण व्हायची आणि एका देशातला कर दुसऱ्यात वजा मिळत नसे. त्यासाठी फॉर्म 10-ईई विवरणपत्राच्या मुदतीच्या आत भरावा लागतो, आणि एकदा निवडलं की मागे फिरता येत नाही. रॉथ मात्र या कलमाच्या शब्दांत बसत नाही असं बायचं मत पडलं. कलम बोलतं ते काढताना कर लागणाऱ्या खात्याबद्दल, आणि रॉथमधून काढताना कर नसतो. म्हणून त्यातलं व्याज आणि लाभांश इथे दरवर्षी दाखवायचं तिने ठरवलं. थोडा कर बसला. काकांनी एका शब्दाने विरोध केला नाही.

31 जुलैला यांत्रिक नौकांवरची मासेमारी बंदी संपते आणि त्याच दिवशी विवरणपत्राची मुदतही. बायच्या कार्यालयात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. काकांचं काम तिने त्याआधीच उरकलं.

त्या रविवारी एडिसनहून मुलाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला की त्याचाही पगार आता रॉथच्या मर्यादेबाहेर गेला आहे, म्हणून त्याने 2023 साठी 6,500 डॉलर वजावट न घेता जुन्या आयआरएमध्ये टाकले आणि आठवड्याभरात रॉथमध्ये वळवले. सगळेच करतात, बाबा, कर काही नाही.

"8606 भरलास?"

"कर शून्य आहे ना. 1099 मध्ये सगळं आलंय."

"1099 मध्ये करपात्र रक्कम किती लिवल्यानी? बघ."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग मुलगा म्हणाला, साडेसहा हजार. काकांनी त्याला फोन ठेवू दिला नाही. विवरणपत्र उघडायला लावलं, 8606 च्या पहिल्या ओळीत किती, वळवलेले किती, वर्षअखेरची शिल्लक किती, हे मोठ्याने वाचायला लावलं, आणि समोर बसलेल्या बायला प्रत्येक आकडा विचारून घेतला.