वैश्वानरपथाबाहेर

बालकांडातली त्रिशंकूची गोष्ट आपण अधांतरी लटकलेल्या राजापाशी संपवतो. मला त्यानंतरची तडजोड अधिक मोलाची वाटते. इंद्राने त्रिशंकूला स्वर्गातून लोटलं, तेव्हा विश्वामित्रांनी दक्षिणेला दुसरे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रं घडवली. दुसरा इंद्रही घडवायला निघाले. देव हादरले. तरी त्यांनी ती नक्षत्रं खोटी ठरवली नाहीत, पुसलीही नाहीत. ती राहतील, पण वैश्वानरपथाबाहेर, एवढंच ठरलं. आकाश तेच, वाट निराळी. वैशाखात रात्री नऊच्या सुमारास सिन्नरच्या पुढे एखाद्या मोकळ्या माळावर उभं राहावं. दक्षिण क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर त्रिशंकूचे तारे दिसतात. नाशिक 20 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे ते याहून फारसे वर येतच नाहीत.

रचलेल्या भाषांची जगं कुठे असतात, याचं मला याहून नेमकं उत्तर माहीत नाही. टोल्किनने क्वेन्यासारख्या भाषा आधी रचायला घेतल्या. त्यांना नांदायला जागा हवी म्हणून पुढे मध्यभूमी आली. तीही त्याने परग्रहावर नेली नाही, आपल्याच पृथ्वीचा कल्पित भूतकाळ मानला.

माझ्याकडे संस्कृत शिकायला येणारी अकरावीतली एक मुलगी वहीच्या मागच्या पानांवर अशीच भाषा रचते आहे. तिच्यात ‘जाणं’ दोन प्रकारचं: उगमाकडे जाणं वेगळं, वाहत्या पाण्याबरोबर जाणं वेगळं. रूपं पक्की झाली तशी नदी आली, मग घाट, पूर, पुरात गेलेलं गाव. “सर, हे गाव आहे कुठे?” तिने विचारलं. तुझ्या मनात, असं सांगणं सोपं होतं, पण ते खरं नाही. मनातलं हवं तसं वळवता येतं. त्या नदीचा उतार मात्र आता तिलाही फिरवता येत नाही. फिरवला की सगळी क्रियापदं चुकतात. जे आपल्याला अडवतं, ते नाही कसं म्हणावं?

मग आमची नाशिकची पंचवटी कुठे आहे? तेलंगणात भद्राचलमजवळची पर्णशाळाही पंचवटी म्हणून पुजली जाते. माझी श्रद्धा त्याने हलत नाही. सीतागुंफेत अंग चोरून उतरताना मी पुरावा मागत नाही. वडिलांच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या, त्या हे पाणी रामाचं आहे म्हणूनच. मध्यभूमीतल्या नदीवर कुणी आपलं माणूस असं सोपवलेलं नाही. या दोन जगांतला फरक मला तिथे दिसतो. नकाशावर शोधून तो सापडायचा नाही.

हे मी तिला सांगितलं. तिच्या वहीत ‘मरणं’ अजून नव्हतं. ते उगमाकडचं घ्यायचं की पाण्याबरोबरचं, यावर आमचा वाद चालू आहे. ती उगमाकडचं म्हणते.