रंग राखून

रंगाला धक्का न लावता चिकटपट्टी काढायची कशी, हा प्रश्न आजच्या चिकटपट्टीच्याही आधीचा आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात दुरंगी मोटारींची टूम निघाली. एक रंग मारून झाला की तो भाग कागदाने झाकायचा, कागदाच्या कडा चिकटवायच्या आणि शेजारी दुसरा रंग फवारायचा. मग कागद काढायला जावं तर त्याच्याबरोबर खालचा नवाकोरा रंगही सोलून यायचा. ३एम कंपनीतला रिचर्ड ड्रू हा तरुण पॉलिश पेपरचे नमुने घेऊन सेंट पॉल शहरातल्या गॅरेजांत जायचा. त्याने रंगाऱ्यांचा हा वैताग पाहिला आणि १९२५ मध्ये क्रेप कागदावर सरस आणि ग्लिसरीनचा लेप देऊन मास्किंग टेप तयार केली. घट्ट धरणाऱ्या पट्ट्या तेव्हाही होत्या. वेळेवर सोडणारी पट्टी मात्र शोधून काढावी लागली.

आपल्याकडे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मखर उतरवताना घरोघर हाच प्रश्न उभा राहतो. डबल टेप लावताना ती निघेल कशी, हे कुणी पाहत नाही. पडता कामा नये, एवढीच अट असते. मग भिंतीवर काळपट चौकोन उरतात, आणि आधी नख, मग चमचा, मग ब्लेड अशी हत्यारं बाहेर येतात. भाड्याच्या घरात तर डिपॉझिटची आठवण हाताचा वेग आणखी वाढवते.

खरं म्हणजे टेपवरचा डिंक सुकत नाही. तो अतिशय संथ वाहणारा पदार्थ आहे. दाबला की भिंतीच्या बारीक खाचाखोचांत शिरू लागतो आणि महिनोन् महिने शिरतच राहतो. म्हणून काल लावलेली पट्टी सहज सुटते आणि दिवाळीपर्यंत राहू दिलेली पोपडा घेऊन येते. या संथपणाचा उपयोग उलट्या बाजूनेही होतो. टेप जितकी सावकाश ओढावी तितका जोर कमी लागतो, कारण डिंकाला सरकायला सवड मिळते. हेअर ड्रायरची कोमट हवा दिली तर तो आणखी मऊ पडतो. ड्रायर मात्र टेकवून धरू नये, नाहीतर रंगालाच फोड यायचे. टेप आपल्या दिशेने खेचायची नाही. भिंतीला लगटून, मागे दुमडत न्यायची. फोमची जाड टेप असेल तर तिच्या मागून शिवणाचा जाड दोरा करवतीसारखा फिरवावा. फोम कापला जातो, रंगाला ओढ बसत नाही.

उरलेल्या चिकट थराची गोष्ट वेगळी. इथे बहुतेकांचा हात थिनरकडे, नेलपॉलिश रिमूव्हरकडे, हल्ली सॅनिटायझरकडे जातो. डिंक निघतो, यात शंका नाही. पण फडक्यावर भिंतीचा रंगही दिसू लागतो. यात नवल काहीच नाही. प्लास्टिक पेंटमधले रंगकण भिंतीला धरून ठेवणारा पदार्थ बहुधा ॲक्रिलिक जातीचा असतो, आणि आजकालच्या पुष्कळ टेपांचा डिंकही त्याच जातीचा. दोघे एका कुळातले. डिंकाला विरघळवणारं औषध रंगाला ओळख दाखवणार नाही, अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर करतो? वर्षानुवर्षं भिंतीला धरून राहिलेला रंगसुद्धा एक चिकटवलेला थरच आहे, हे आपण विसरतो.

म्हणून सौम्य उपाय आधी. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, मऊ फडकं आणि दाराआड, कुणाच्या नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यात आधी एक चाचणी. ऑइल पेंटचं दार, लोखंडी कपाट, फ्रिज यांच्यावर खोबरेल तेल चांगलं काम करतं. तेल लावायचं आणि खरोखर बाजूला व्हायचं. पंधरा-वीस मिनिटांत ते डिंकात मुरतं, थर फुगतो आणि बोटाने गोळा होऊन निघतो. मग साबणाच्या पाण्याने तेलकटपणा पुसून घ्यावा. तेल कुचकामी ठरवणारे लोक बहुधा ती पंधरा मिनिटं घासत बसलेले असतात. ऑइल पेंटवर सोसतं तेच तेल मॅट प्लास्टिक पेंटवर डाग पाडू शकतं, तेव्हा तिथे साबणपाण्यावरच भागवलेलं बरं.

डिस्टेंपरच्या भिंतीपुढे मात्र हे सगळं लंगडं पडतं. ती तेल पिते, फार ओली केली तर रंग सोडते, आणि घासली तर खालची लांबी दाखवते. तिथे शाळेतल्या साध्या खोडरबराने अलगद चोळून जेवढं निघेल तेवढं काढावं आणि थांबावं. डाग पूर्ण घालवायच्या हट्टापायी केलेला पांढरा ओरखडा मूळ डागापेक्षा जास्त लांबून दिसतो. राहिलेल्या पुसट खुणेवर पुष्कळजण एखादा फोटो लावून मोकळे होतात. त्यात गैर काही नाही, फक्त तो फोटो खिळ्याला टांगावा.